अँकरमीमांसा : पहिल्या पानाच्या तळाचा एक अल्प अभ्यास

वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर प्रबंध पुष्कळ झाले; तळाकडे मात्र अभ्यासकांनी ढुंकूनही पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी, कुणीही सोपवलेली नसताना, प्रस्तुत लेखकाने शिरावर घेतली आहे.

पहिल्या पानाच्या अगदी खाली जी आडवी, जराशी निवांत बातमी असते, तिला वृत्तपत्राच्या कचेरीत ‘अँकर’ म्हणतात. वर सरकारे गडगडतात. खाली अँकरमध्ये कुणी आजी सत्तरीत दहावीला बसतात. हा शब्द जहाजावरून उतरला, यात वाद नाही. वाद आहे तो हा, की अँकर आडवाच का?

त्याचे उत्तर समुद्रात आहे. जहाज नांगराच्या वजनाने थांबते, हा किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांचा समज. प्रत्यक्षात पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडतात. ती तळावर आडवी पसरते, ओढ आडवी बसते आणि नांगराचे फाळ चिखलात रुततात. साखळी आखूड पडली की नांगर निसटलाच. तेव्हा अँकर एका कॉलमात उभा लावणारा उपसंपादक नौकानयनाचा गुन्हेगार ठरतो. सोडलेल्या साखळीच्या या प्रमाणाला इंग्रज खलाशी ‘स्कोप’ म्हणतो. आपल्याकडे पाण्याची खोली वावात मोजत, आणि स्कोपला आपण म्हणतो वाव. हा योगायोग असल्याचे सिद्ध होईपर्यंत आम्ही तो सिद्धांत मानतो.

आता ‘नांगर’ या शब्दासाठी एन्नोरला जाऊ. चेन्नईच्या उत्तरेला औष्णिक वीज केंद्राच्या कोळशासाठी म्हणून बांधलेले हे बंदर 2001 साली सुरू झाले. पुढे त्याला कामराजांचे नाव मिळाले. तिथला कोळी नांगराला ‘नंगूरम’ म्हणतो. फारसी ‘लंगर’ दोन्ही किनाऱ्यांना लागला तो असा. फरक इतकाच, की तमिळ माणसाने शेतातल्या औताला ‘कलप्पै’ हे वेगळे नाव ठेवले. आपण मात्र दोन्ही कामे एकाच नांगरावर ढकलली. त्यामुळे ‘जहाज खाडीत नांगरले’ हे वाक्य वाचून यवतमाळच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येत असेल, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

याच बंदराबाहेर 28 जानेवारी 2017 रोजी पहाटे ‘बीडब्ल्यू मेपल’ आणि ‘डॉन कांचीपुरम’ ही टँकर जहाजे एकमेकांवर आदळली. पहिले जहाज बंदरातून निघालेले, दुसरे बंदरात शिरणारे. तेल फारसे सांडलेच नाही, असा सूर सुरुवातीला निघाला; मग एर्नावूरचा किनारा काळा झाला. तेलाचा गाळ इतका घट्ट होता की शोषणयंत्रेही हरली, आणि माणसांनी तो बादल्यांनी उपसला. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने ही घटना आदर्श आहे. तेल पाण्यावर तरंगते, म्हणून ते मथळ्यात जाते. बादली जड, ती तळाला, म्हणजे अँकरला. पण घटना समजावून घ्यायची, तर अधिकाऱ्यांच्या निवेदनांपेक्षा बादलीच जास्त कामाची. म्हणून जाणकार वाचक पान खालून वर वाचतो.

दूरचित्रवाणीवरच्या अँकरबद्दल थोडक्यात. हा शब्द तिथे अमेरिकेतल्या 1952च्या पक्ष-अधिवेशनांच्या वेळी वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या नावाबरोबर रुळला. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात वृत्तनिवेदक असत. ते बातम्या वाचत आणि नमस्कार करून जात. आताचा अँकर एका जागी बसूनही जेवढा हेलकावतो, तेवढे हेलकावे शिडाच्या होडीलाही परवडणार नाहीत. नांगराने हलू नये, या मूळ अटीचा तिथे भंग होतो, म्हणून हा अर्थ आम्ही बाद केला आहे.

राहिला आमच्या सिद्धांतावरचा शेवटचा आक्षेप. अँकर पानाला धरून ठेवतो म्हणावे, तर संध्याकाळी सात वाजता जाहिरात विभागातून अर्ध्या पानाची सराफाची जाहिरात आली, की सर्वांत आधी उचलला जातो तो अँकरच. पण यावर आमचे उत्तर तयार आहे: माल भरून झाला की जहाजसुद्धा दुसरे काय करते?