साड्या आणल्या का?

निफाडचं नाव पेपरात दोन वेळा हमखास येतं: कांद्याचा भाव पडला की आणि पारा पडला की. कांद्याचं लासलगाव याच तालुक्यातलं, तेव्हा पहिल्या बातमीला इलाज नाही. दुसरीचा मान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांवर आला, आणि नाशिकच्या लोकांनीसुद्धा "आमच्याकडे काहीच नाही, निफाडला बघा" म्हणत अभिमानाने नाक पुसलं. महाबळेश्वर थंडीचे पैसे घेतं. निफाड तीच थंडी फुकट देतं, तरी हनिमूनला तिथे कुणी जात नाही. गंमत म्हणजे याच तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर दूरदूरचे पक्षी येतात ते ऊब मिळावी म्हणून. २०२० मध्ये या पाणथळ जागेला रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. दर्जा देणाऱ्यांनी पाहणी बहुधा उन्हाळ्यात केली असावी.

"एवढी थंडी, म्हणजे गोधड्या एक नंबर मिळत असणार," हा तर्क आम्हा चौघींतल्या बँकवालीचा. तिची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे मैत्रिणी मैत्रिणी गाडी काढून दिवसभर गोधडीच्या सामानाची दुकानं पालथी घालतात आणि प्रत्येक दुकानात कार्डावर शिक्का मारून घेतात. याला 'शॉप हॉप' म्हणतात. मुलीने फोटो पाठवले होते. भिंतभर नवंकोरं सुती कापड. ते घ्यायचं, चौकोनी तुकडे करायचे आणि तुकडे पुन्हा जोडायचे.

"परत जोडायचंच होतं, तर कापलं कशाला?" मास्तरीणबाईंनी विचारलं. पस्तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे त्या कारणं विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

बँकवालीने मग अलाबामातल्या जीज बेंडचं सांगितलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या.

"भिंतीला कशाला गोधडी?" वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे नेमक्या कुणाच्या वहिनी, हे आता आमच्यात कुणालाच आठवत नाही.

अशा रीतीने जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघी निघालो. नाशिकची माणसं कुठेही जायला निघाली की आधी मिसळ खातात, मग रस्ता विचारतात. त्यामुळे शहराबाहेर पडायलाच ऊन डोक्यावर आलं. शिलापूर, लाखलगाव मागे पडलं, चांदोरी आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. बागांना कडेने साड्या बांधलेल्या. गुलाबी, पोपटी, फुलाफुलांच्या, मधूनच एखादी जरीकाठी. धूळ, वारा आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची नजर, तिन्ही अडवायला शेतकरी जुन्या साड्यांचा आडोसा करतात.

"थांब, थांब, थांब!" वहिनी ओरडल्या. बँकवालीने ब्रेक दाबला. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने आमच्या माहेराचा उद्धार केला.

"ती जांभळी. मोरपंखी काठाची. ती माझी साडी आहे."

साडी खरंच वहिनींची होती की नाही, ते देव जाणे. पण वहिनी उतरल्या, बांधावरून गेल्या, पदर चिमटीत धरून उलटा केला आणि दाखवला: काठाजवळ बोटभर रफू. "हळदीकुंकवाला समईचा चटका लागला होता. मीच केलंय हे. बोहारणीला दिली होती, स्टीलच्या पिंपावर."

तेवढ्यात बागेतून शेतकरीदादा आला. रस्त्यावर गाडी लावून चार बायका बागेची तपासणी करतायत म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "व्यापारी का?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. साडी कुठून आणली, तर म्हणाला, "किलोवर घेतल्या. पाहिजे का परत?" वहिनींनी क्षणभर विचार केला, हे मी पाहिलं.

मग तो थंडीवर बोलला. पारा उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तयार मालाला तडे जातात. म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, मोटर चालू करून झाडांना पाणी द्यायचं. म्हणजे निफाड तालुक्यात साडीही द्राक्षाला आणि शेकोटीही द्राक्षाला. "आणि तुम्ही काय पांघरता?" मी विचारलं.

"ब्लँकेट. पानिपतचं."

हे नाव मास्तरीणबाईंसमोर जानेवारीत घ्यायचं नसतं. गाडी सुरू होताच त्या सुरू झाल्या. १४ जानेवारी १७६१. याच रस्त्यावर निफाडच्या पुढे विंचूर आहे. तिथले विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर होते आणि एवढ्या कत्तलीतून जिवंत परत आले. "ते परत आले," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि अडीचशे वर्षांनी पानिपत त्यांच्यामागे आलं. मोटारसायकलवर, हप्त्याने." पानिपतचा धंदाही कळण्यासारखा आहे. परदेशातले टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे गाठोड्यांनी येतात, ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. हल्ली पॉलिएस्टरचीही निघतात, झगझगीत, मधोमध वाघ असलेली. बँकवालीने हिशेब मांडला: तिच्या व्याह्यांनी ओहायोत दान केलेला कोट पांघरून चांदोरीचा द्राक्षवाला झोपत असणं अगदी शक्य आहे. आणि वहिनींची साडी पांघरून त्याची द्राक्षं.

निफाडला शिरताना मास्तरीणबाईंनी हेही सांगून टाकलं की न्यायमूर्ती रानडे याच गावात जन्मले, १८ जानेवारी १८४२ ला. म्हणजे भर थंडीत. बाळाला गोधडीत गुंडाळूनच बारशापर्यंत आणलं असणार, असं त्यांचं मत पडलं. याला पुरावा मागायची कुणाची हिंमत झाली नाही.

पहिलं दुकान कापडाचं. मालक गादीवर, पोऱ्या स्टुलावर. गोधडी दाखवा म्हटलं तर सोलापुरी चादर दाखवली. गोधडी म्हटलं तर दुलई दाखवली. पुन्हा गोधडीच म्हटलं, तेव्हा त्याने चष्मा काढला. "ताई, गोधडी विकत कोण घेतं? ती घरात असते."

"आमच्या घरात नाही ना."

"मग साड्या आणल्या का?"

त्याने गादी कारखान्याचा पत्ता दिला. कारखाना म्हणजे एक गाळा, एक पिंजण मशीन आणि हवेत इतका कापूस की आत गेलेल्या मास्तरीणबाई पाच मिनिटांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या. पूर्वी पिंजारी दारात येऊन बसायचा. त्याच्या तातीचा टणत्कार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि आम्ही मुली उडणारा कापूस पकडायला धावायचो. आता मशीन घरघरतं. मालकाकडे रजया होत्या, गाद्या होत्या, लोडतक्के होते. गोधडीचं विचारताच त्याने मशीन बंद केलं, नाकावरचा रुमाल खाली केला आणि विचारलं, "साड्या आणल्या का?"

बाहेर रस्त्याला एक टेम्पो उभा होता. टेम्पोवर भलंमोठं शिलाई यंत्र, जनरेटर, आणि भोंग्यातून एकच ओळ: जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल. आम्हाला हर्ष झाला. यंत्राखालून गोधडी निघत होती, सरळ रेषांची, सगळे टाके सारखे, कवायतीला उभ्या केलेल्या पोलिसांसारखे. कारागीर उत्तरेकडचा होता. त्याने आमचे रिकामे हात बघितले.

"साडी लाये क्या?"

अमेरिकेत दुकानदार कापड देतो आणि शिवायचं काम गिऱ्हाइकाचं. निफाडात कापड गिऱ्हाइकाचं आणि दुकानदाराकडे फक्त सुई. आणि आमच्या घरातल्या जुन्या साड्यांची तर पिंपं, डबे आणि कढया झालेल्या. बँकवालीचं शिक्का मारायचं कार्ड अजून कोरंच होतं. तिने ते स्वतः पुठ्ठ्याचं केलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

टेम्पोशेजारी चहा पिणाऱ्या एकाने सांगितलं की हातची गोधडी बघायची तर मळ्यातल्या अमक्या आजींकडे जा. आजी ओट्यावर ऊन खात बसलेल्या, अंगावर गोधडी. आम्ही सगळ्या आधी गोधडीकडेच बघायला लागलो, तेव्हा त्यांनी ती जरा घट्ट धरली.

मग ओळख झाली, चहा झाला आणि गोधडी आमच्या मांडीवर आली. वर तपकिरी चौकड्याचं नऊवारी लुगडं, खाली मालकांचं धोतर, आणि एका कोपऱ्यात झिजलेल्या भोकातून आतले थर दिसत होते: निळा, मग पिवळा, मग कुणाच्या तरी परकराचा लाल. टाके कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन असे आत जात होते. बाहेरचे चौकोन तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांचे. मधे मधे येता येता टाके लांबले. "तवा डोळ्याचं आपरेशन व्हायचं होतं," आजी म्हणाल्या. चारही टोकांना तिकोनी तुकडे लावलेले, कारण गोधडी आधी टोकालाच फाटते. ओढाओढी तिथेच होते.

वहिनींनी हळूच विचारलं, अशी एक शिवून द्याल का. आजींनी वहिनींच्या साडीचा पदर दोन बोटांत चोळला. "हे सरकतं. सुईला धरत नाही. अन् अंगाला गार लागतं." मग बँकवालीची ओढणी चोळली. तीही नापास. मास्तरीणबाईंचा कॉटनचा कुर्ता पास झाला, पण तो अंगात होता.

"आणि आत्ता कोण गोधडी शिवतं?" आजी म्हणाल्या. "थंडीत पांघरायची का शिवायची? आत्ता लावणीचे दिस." मागे शेतात उन्हाळ कांद्याची लागवड चालली होती. ज्या बायकांच्या हातात सुई असायची, त्यांच्या हातात आता कांद्याचं रोप. कांदा झाला की द्राक्षतोडणी. गोधडीची पाळी उन्हाळ्यात, पापडकुरडया वाळल्यावर, चार जणी मिळून, अंगणात.

बँकवालीने तरीही भाव विचारला. बँकेतली सवय. आजी म्हणाल्या, "पैसे नको. माणसं मिळत नाहीत. दोन वाफे लावून द्या, जूनच्या आत गोधडी घेऊन जा." आम्हाला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. चौघी वाफ्यात उतरलो. वहिनी बऱ्या बसल्या. बँकवालीचे गुडघे अर्ध्यातच बोलायला लागले. मास्तरीणबाई प्रत्येक रोपाच्या आधी, एवढंच अंतर का, असं विचारत होत्या. शेजारच्या ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि शेवटी त्यांनीच आमची ओळ संपवली. एक वाफा. आजींनी तो मोजला, वाकडी रोपं बघितली आणि सौदा दुपट्यावर आणला. दुपटं म्हणजे बाळाची गोधडी. आमच्यातली सर्वात लहान साठीची आहे.

तेव्हा कुणी निफाडला गोधडीसाठी जाणार असाल तर होळीनंतर जा. जुन्या साड्या धुऊन, काठ उसवून न्या; मालकांचं जुनं धोतर असेल तर तेही. दोन महिने आधी बोहारणीला दारातूनच परत पाठवा. आणि साड्या सुतीच न्या. नायलॉन तिथे फक्त द्राक्षांना चालतं.