जुन्या गिऱ्हाइकाला दंड

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की कंपनीला आपल्या प्रेमाचं भरतं येतं. वर्षभर ढुंकूनही न बघणारी मंडळी सकाळी नऊच्या ठोक्याला फोन करतात. ‘सर, आजच रिन्यू करा, उद्या रेट वाढेल.’ तो कालच वाढलेला असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता गंमत बघा. गाडी वर्षाने जुनी झाली म्हणून तिची आयडीव्ही, म्हणजे ती चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, घटवलेली. क्लेम नाही म्हणून नो क्लेम बोनस वाढलेला. तरीही हप्ता गेल्या वर्षीपेक्षा जास्त! थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणाऱ्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये ठरला. तिथे कंपनीचा हात पोचत नाही. पोचतो तो ‘ओन डॅमेज’मध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. २००७ पासून तो दर खुला आहे. शिवाय रिन्यूअलच्या नोटिशीच्या खालच्या बाजूला चावी हरवल्याचं, टायर फाटल्याचं कव्हर आधीच टिक करून ठेवलेलं. (इंजिनात पाणी शिरल्याचं मात्र मुंबईकरांनी काढून टाकू नये.)

दुसऱ्या कंपनीचा कोट व्हॉट्सॲपवर पाठवून बघा. ‘मॅनेजरशी बोलतो’ म्हणतात आणि पंधरा मिनिटांत हप्ता उतरतो. म्हणजे सवलत होतीच. फक्त भांडणाऱ्यासाठी राखून ठेवलेली. निमूटपणे पैसे भरणारा बसतो बोंबलत.

ब्रिटनमध्ये नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून मोटार आणि घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाकडून नव्यापेक्षा जास्त हप्ता घ्यायला बंदी घातली. त्याने तिथला विमा स्वस्त झाला नाही, पण निष्ठेवरचा दंड तरी गेला. आपल्याकडे निष्ठावंतांचे हाल राजकारणात काय नि विम्यात काय, सारखेच.

तेव्हा एवढं करा. नो क्लेम बोनस तुमचा आहे, कंपनीचा नव्हे. ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट देणारा हा बोनस दुसऱ्या कंपनीत नेता येतो. मुदत संपून ९० दिवस उलटले तर मात्र तो बुडतो. म्हणून आधीच दोन-तीन ठिकाणचे कोट मागवा आणि सगळीकडे आयडीव्ही सारखीच धरा. स्वस्त कोटात बहुतेक वेळा तीच कापलेली असते.