मूळबरहुकूम

पुस्तक वाचून चित्रपटाला गेलेला मनुष्य आणि पुस्तक न वाचता गेलेला मनुष्य यांच्यातील भेद चित्रगृहाच्या अंधारातही लपत नाही. कारण दुसरा निमूटपणे पडद्याकडे पाहत असतो, आणि पहिला, पडद्यावर जे चालले आहे ते प्रत्यक्षात तसे घडलेलेच नाही, हे आपल्या उजव्याडाव्या बाजूच्या मंडळींना कळले आहे की नाही, याची खातरजमा करीत असतो. या पहिल्या वर्गातील गृहस्थांना ‘मूळबरहुकूमकर’ हे नामाभिधान द्यावे, अशी माझी फार दिवसांची सूचना आहे. त्यांचे आजोबा इनामाची सनद ज्या नजरेने वाचीत, त्याच नजरेने हे कादंबरी वाचतात. आणि कादंबरीवरून निघालेला चित्रपट म्हणजे शेजाऱ्याने रातोरात बांध सरकवून केलेले अतिक्रमण होय, अशी त्यांची पक्की समजूत असते.

या वर्गाचा अस्सल नमुना पाहावयाचा असेल, तर तो ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जुन्या वाचकांत पाहावा. ऑक्सफर्डचे भाषापंडित जे. आर. आर. टॉल्किन यांची ही अवाढव्य अद्भुतकथा १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांनी प्रसिद्ध झाली. आमच्या मूळबरहुकूमकरांच्या हाती ती लागली ती कॉलेजात असताना, मुंबईच्या फोर्टातील पदपथावर, पहिली काही पाने गहाळ झालेल्या अवस्थेत. गहाळ पाने त्यांनी ग्रंथालयात बसून स्वहस्ते उतरवून घेतली, नकाशाची नक्कल केली, परिशिष्टांतील वंशावळी स्वतःच्या घराण्याच्या वंशावळीपेक्षा अधिक बिनचूक पाठ केल्या, आणि एल्फ लोकांच्या लिपीत आपले नाव प्रयोगवहीवर लिहून प्राध्यापकांचा रोष ओढवून घेतला. त्या काळी त्यांच्या परिचयात दुसऱ्या कोणीही ही कथा वाचलेली नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या प्रेमाचा निम्मा डोलारा याच एका गोष्टीवर उभा होता. ती दीर्घ, अखंड आणि निर्वेध वहिवाट होती. पुढे २००१ च्या डिसेंबरात पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने, चित्रणाचे सारे काम आपल्या मायदेशी न्यूझीलंडच्या डोंगरदऱ्यांत उरकून, चित्रपटाचा पहिला भाग जगापुढे आणला. आणि यथावकाश सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळणारी पोरे बॅटीची काठी करून कथेतल्या जादूगार गॅन्डाल्फच्या आविर्भावात एकमेकांची वाट अडवू लागली, तेव्हा तलाठ्याने आपणांस न विचारता सातबाऱ्यावर शंभर नावे चढवावीत, तसे त्यांना झाले.

तरीही पहिल्याच आठवड्यात ते तिकीट काढून गेले, हे सांगणे नलगे. फिर्याद गुदरावयाची तर जागेची पाहणी फिर्यादीने स्वतः केलेली बरी. सोबत सौभाग्यवती आणि शाळेत जाणारा पुतण्या होता. पुस्तकात म्हाताऱ्या बिल्बोच्या मेजवानीनंतर कथानायक फ्रोडो घर सोडतो तो तब्बल सतरा वर्षांनी, ऐन पन्नाशीत. पडद्यावर मात्र हा सारा काळ दोनचार दृश्यांत आटोपला, आणि जो फ्रोडो समोर आला त्याचे वय महाविद्यालयात नाव घालण्याइतपतच दिसत होते.

“सतरा वर्षं!” मूळबरहुकूमकर अंधारात म्हणाले.

“अहो, हळू,” सौभाग्यवती म्हणाल्या, “सतरा वर्षं थांबायला लोकांनी तिकीट काढलंय का?”

नदीच्या उतारावर तर त्यांनी खुर्चीचा दांडाच आवळून धरला. पुस्तकातला जखमी फ्रोडो ग्लॉरफिंडेल या एल्फ सरदाराने दिलेल्या घोड्यावरून एकटाच पैलतीर गाठतो. चित्रपटात त्याला आर्वेन ही एल्फ युवती स्वतःच्या घोड्यावर घालून पळविते. ग्लॉरफिंडेल हे नाव त्या चित्रगृहात बहुधा त्यांना एकट्यालाच ठाऊक होते, त्यामुळे त्याच्या हकालपट्टीचे सुतकही त्यांना एकट्यालाच धरावे लागले. परदेशी चित्रपटांना मुळात मध्यंतर नसते. आपल्याकडे ते सामोशांच्या सोयीने, मनास येईल तेथे पाडतात. त्या मध्यंतरात मूळबरहुकूमकरांनी पुतण्यापुढे जी कैफियत मांडली, तिचे मुख्य कलम टॉम बॉम्बाडिल हे होते.

हा बॉम्बाडिल म्हणजे जुन्या अरण्यात राहणारा, पिवळ्या बुटांचा, अखंड गाणी म्हणणारा एक विलक्षण प्राणी असून ज्या अंगठीने भलेभले भ्रष्ट होतात तिचा त्याच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही. कथेला त्याची गरज आहे की नाही, हा वाद जुना आहे. राल्फ बाक्षी यांच्या १९७८ च्या सचेतपटात तो नव्हता, बीबीसीच्या १९८१ च्या नभोनाट्यातही नव्हता, आणि जॅक्सनने हाच शिरस्ता पुढे चालविला. मूळबरहुकूमकरांच्या मते ज्याला बॉम्बाडिल नको, त्याला टॉल्किन समजलाच नाही. त्यांची ती फोर्टातली प्रत हाताळण्याचा मान मला एकदा लाभला आहे. युद्धाची प्रकरणे बोटांच्या डागांनी काळवंडलेली, कडा झिजलेल्या, काही पाने चिकटपट्टीने जोडलेली. बॉम्बाडिलची गाणी असलेली पाने मात्र इतकी कोरी करकरीत, की दोन ठिकाणी ती कापण्याचेही राहून गेले होते. मी प्रत मिटून आदराने परत केली.

तथापि हा गृहस्थ सर्वस्वी हास्यास्पद आहे, असे म्हणण्यास मी तयार नाही. फॅरामिरच्या बाबतीत त्यांची तक्रार शंभर नंबरी खरी आहे. ती अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी आपण उचलणार नाही, असे सहजपणे सांगून जाणारा हा कादंबरीतला सेनानी दुसऱ्या चित्रपटात मोहात सापडतो आणि फ्रोडोला फरफटत ऑस्गिलियथला नेतो. मोहाचा धनी व्हावयास पुस्तकात त्याचा सख्खा भाऊ पुरेसा होता. एक मनुष्य केवळ सज्जन असतो, एवढी साधी गोष्ट पडद्यावर नाट्यमय वाटत नाही, असा हिशेब यामागे असावा. तो मला पटलेला नाही. याउलट बॅलरॉग या अग्निराक्षसाला पंख होते की ती पंखांसारखी पसरलेली छाया होती, या प्रश्नावर त्यांनी जे आयुष्य वेचले त्याबद्दल मला सहानुभूती असली, तरी उत्सुकता नाही.

बाकीचे प्रेक्षक काय करीत होते? ते कथा पाहत होते. मूळबरहुकूमकरांच्या शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई होत्या, नातवंडांनी आणलेल्या. एवढी सारी माणसे एका अंगठीपायी रानोमाळ का हिंडताहेत, असे त्यांनी विचारले. ती नष्ट करावयाची आहे, आणि ज्या ज्वालामुखीच्या आगीत ती घडविली तेथेच ती वितळेल, असे मूळबरहुकूमकरांनी, प्रस्तावना शक्य तितकी आखडती घेऊन, सांगितले.

“म्हणजे जिथे घडवली तिथेच मोडायची,” बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. घट कमी धरतात.”

यापुढे त्या बाईंना चित्रपट समजावून सांगण्याचे काही उरले नाही. पुतण्याने मात्र घरी जाताना तो प्रश्न टाकलाच, जो जगभर प्रत्येक काकाला प्रत्येक पुतण्याने केव्हा ना केव्हा टाकला आहे: “काका, ते मोठे गरुड होते ना, मग त्यांच्यावर बसूनच का नाही गेले?” मूळबरहुकूमकर या प्रश्नावर तासभर बोलू शकतात आणि बोललेही, परंतु त्यांचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे खुद्द ग्रंथकर्त्याचे पत्र. एका पटकथेचा मसुदा टॉल्किनकडे धाडण्यात आला होता. तो वाचून त्यांनी १९५८ साली जे सविस्तर टिपण लिहिले, त्यात गरुडांच्या अवाजवी वापरावर कडक हरकत नोंदविली आहे. मूळबरहुकूमकर हे पत्र दाखल्यादाखल नेहमी पुढे करतात. त्याच ग्रंथकर्त्याने चित्रपटांच्या बाबतीत ‘कला अथवा रोकड’ असे साधे धोरण ठेवले होते, आणि १९६९ साली हक्क विकून टाकले, हा दप्तरातला पुढचा कागद मात्र ते सहसा काढीत नाहीत.

तिसऱ्या भागाच्या वेळी, २००३ साली, एक चमत्कार झाला. तीन तास एकवीस मिनिटांच्या त्या चित्रपटाला इतके शेवट होते, की प्रत्येक शेवटाला लोक चपला चाचपून उठत आणि पुन्हा बसत. मूळबरहुकूमकर तेवढे अढळ बसून होते, कारण त्यांच्या लेखी खरा शेवट अद्याप सुरूच झालेला नव्हता. पुस्तकात फ्रोडो आणि त्याचे हॉबिट सोबती परत येतात ते आपल्या उद्ध्वस्त शायर प्रांतात, आणि दुष्ट जादूगार सारुमानचा निकाल तेथेच लागतो; हे सारे प्रकरण जॅक्सनने गाळले. चित्रगृहात दाखविलेल्या प्रतीत सारुमान मुळी नव्हताच, आणि ती भूमिका करणारे ख्रिस्टोफर ली, जे स्वतः दरवर्षी ही कादंबरी वाचीत, रुसून पहिल्या खेळाला गेले नाहीत. “खुद्द सारुमानच आमचा साक्षीदार!” मूळबरहुकूमकर म्हणाले. पण त्याच चित्रपटाने अकरा नामांकनांवर अकराही ऑस्कर पारितोषिके पटकाविली, त्या दिवशी यांनी पेढे वाटले.

वगळलेल्या गोष्टींवर ते मनसोक्त रागावतात. परंतु त्यांची खरी तक्रार जेथे काहीच वगळलेले नव्हते तेथली आहे. एकदा रात्री पुस्तक वाचीत बसले असता ते मला म्हणाले, की आपला जुना गॅन्डाल्फ आठवू पाहिला तर आठवत नाही. पडद्यावरचा इयन मॅकेलन पुढे येतो, आणि तो चांगला आहे, म्हणून तर त्याला घालविता येत नाही. ग्लॉरफिंडेलला कोणीच हात लावलेला नाही, तेव्हा तो शाबूत आहे. एवढे बोलून त्यांनी पान उलटले आणि मला चहा विचारला.

पुढे याच जॅक्सनने ‘द हॉबिट’ हे १९३७ चे लहान मुलांचे आटोपशीर पुस्तक घेऊन २०१२ पासून तीन वर्षांत तीन लांबलचक चित्रपट काढले, आणि त्यांत टॉरिएल नावाची एक एल्फ युवती पदरची घालून तिला एका बुटक्याच्या प्रेमातही पाडले. आजवर ‘का गाळले?’ असे विचारणाऱ्यांना आता ‘का घातले?’ असे विचारण्याची पाळी आली. तेव्हा त्यांनी तुलनेसाठी जुने तीन चित्रपट प्रमाण धरले, आणि त्यांत कशी सारी मर्यादा सांभाळलेली होती, हे फॅरामिरचे नाव न काढता सांगू लागले. २०२२ साली परिशिष्टांच्या आधारे मालिका निघाली. ती पाहावयास तो पुतण्या, आता तिशी ओलांडलेला, मुद्दाम घरी आला होता. पहिला भाग अर्धाही झाला नव्हता तोच तो ताडकन उठून बसला.

“काका, हे काय चाललंय? मूळ गालाड्रिएल अशी नव्हतीच!”

त्याने पुस्तक कधी उघडलेले नाही. मूळ म्हणजे त्याला जॅक्सनचा चित्रपट अभिप्रेत होता, हे काकांना पुरते ठाऊक होते. तरीही एका क्षणाचा विलंब न लावता त्यांनी आवाज बंद केला, वही काढली, आणि तक्रारअर्जावर पुतण्याचे नाव पहिले घालून स्वतः खाली साक्षीदार म्हणून सही केली.