साहेब मीटिंगला गेलेत

वैजापूर बघायला म्हणून कुणी येत नाही. वैजापूरला यावं लागतं, कामानं. शिर्डीहून वेरूळला निघालेल्या भाविकांच्या गाड्या गावावरून जातात, पण थांबल्याच तर चहासाठी, नाहीतर पंक्चरसाठी. साईबाबा शिर्डीला बसले, पैठणी येवल्यानं नेली, लेणी वेरूळला कोरली गेली. या सगळ्यांच्या मधोमध असलेल्या वैजापूरच्या वाट्याला काय आलं, तर तहसील कचेरी. आणि एकदा कचेरी आली की तिच्यामागं वऱ्हाड आलंच: उपविभागीय अधिकारी, कोर्ट, पंचायत समिती, भूमी अभिलेख, उपजिल्हा रुग्णालय, नगरपरिषद. 2011 च्या जनगणनेत गावाची वस्ती 41 हजारांच्या घरात होती. पण कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता कचेरीच्या आवारात उभं राहिलं, तर त्यातले निम्मे इथंच आलेत की काय असं वाटतं.

ते वैजापूरचे नसतात, हे खरं. ते शिऊरचे, गारजचे, खंडाळ्याचे, महालगावचे, वांजरगावचे. पहिल्या एसटीनं येतात. पायजम्याच्या खिशात आधार कार्डाची झेरॉक्स आणि हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. त्या पिशवीत सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, रेशनकार्ड, आणि तळाशी फडक्यात बांधलेली भाकरी. खिडकीवर गेलं की आतून कळतं, "साहेब मीटिंगला गेलेत." हे वाक्य महाराष्ट्राच्या 358 तालुक्यांत रोज उच्चारलं जात असावं, तेव्हा त्याचं खापर एकट्या वैजापूरवर फोडण्यात अर्थ नाही. हल्ली त्यात थोडी प्रगती झाली आहे. साहेब खुर्चीतच असतात, पण 'व्हीसी'त असतात. आणि साहेब मोकळे असले की सर्व्हर डाऊन असतो.

आता गंमत बघा. साहेब नाहीत म्हटल्यावर आलेला माणूस चिडायला हवा. तो चिडत नाही. "बरं, मग तोवर चक्कर मारून येतो," म्हणतो. त्या चकरेत चष्म्याची काडी बसवून होते, मोटारीचं वायंडिंग टाकून होतं, मक्याच्या बियाण्याचा भाव विचारून होतो, दवाखान्यात ठेवलेल्या चुलत्याला नारळपाणी देऊन होतं. रसवंतीवर मेहुण्याचा मेहुणा भेटतो, त्याच्या पुतणीचं स्थळ निघतं, पत्रिका व्हॉट्सअपवर मागवली जाते. तीनच्या सुमारास माणूस खिडकीवर परत येतो, तोवर दाखल्याची निकड निम्मी झालेली असते. गावी गेल्यावर बायको विचारते, "झालं का काम?" तो म्हणतो, "झालं की, एक सोडून सगळी झाली."

कचेरीबाहेरच्या लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसतात. पूर्वी टाइपरायटर असायचा, आता लॅपटॉप, प्रिंटर आणि खाली बॅटरी. अर्जाची भाषा मात्र बदललेली नाही. समोर बसलेला म्हातारा सांगतो, "लिहा, बांध कोरला त्यानं माझा." कागदावर उमटतं, "सामनेवाला याने अर्जदाराच्या मालकी व कब्जेवहिवाटीच्या क्षेत्रात बेकायदेशीररीत्या अतिक्रमण केले असून..." म्हातारा कान देऊन ऐकतो आणि खूश होतो. आपलं भांडण एवढं मोठं आहे हे त्याला तिथंच कळतं. एकच गोष्ट त्याला खुपते. 2024 च्या ऑक्टोबरात 100 रुपयांचा बॉन्ड गेला आणि 500 चा आला. "भांडण तेच आहे भाऊ, कागद महागला," एवढंच तो म्हणतो.

या कचेरीचं वळण जुनं आहे. 1948 पर्यंत वैजापूर हैदराबाद संस्थानात होतं, तेही अगदी कडेला. शेजारचे येवला, नांदगाव, कोपरगाव, हा सगळा इंग्रजांचा मुलूख. म्हणजे लेक येवल्याला दिली की ती परराज्यात गेली. पलीकडं कलदार रुपया चालायचा, अलीकडं निजामाचा हाली. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. आहेर मोजताना व्याही-व्याही कुठल्या नाण्यात बोलत असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. हद्दीवर करोडगिरीचं नाकं, कचेरीचं काम उर्दूत, आणि बाहेर बसलेली रयत मराठीत हवालदिल. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम संपला, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली, सही कुठल्या लिपीत करायची ते बदललं, तहसीलदार होता तो तहसीलदारच राहिला.

त्या काळच्या कारकुनांची आठवण कुणी काढत नव्हतं. मग 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर कचेऱ्यांची दप्तरं सुटली. लाल फडक्यातले गठ्ठे उन्हात आले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी भाव आला. शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं, कदाचित साहेब दौऱ्यावर असताना, कंटाळून ओढलेल्या एका ओळीवर आज कुणाच्या तरी पणतवाचा कॉलेजप्रवेश अडकलाय, हे त्या बिचाऱ्याला कळलं असतं तर त्यानं अक्षर जरा सुवाच्य काढलं असतं.

अशी कचेरीची गावं सगळीकडंच असतात. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर, 1790 मध्ये, जिल्हे नव्यानं आखले, तेव्हा हिशेब असा होता म्हणतात की घोड्यावर बसून निघालेल्या माणसाला एका दिवसात मुख्य गाव गाठता यावं. पुढं 1800 मध्ये नेपोलियननं त्या जिल्ह्यांचे पोटभाग पाडून प्रत्येकावर एक उपप्रीफेक्ट बसवला, म्हणजे आपल्या प्रांतसाहेबाचा सख्खा भाऊच. आल्फाँस दोदेची अशा एका साहेबावर छोटीशी गोष्ट आहे. साहेब जरीच्या कोटात, बग्गीतून कृषी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला निघालेत. भाषण काही सुचत नाही. म्हणून वाटेतल्या ओकच्या राईत जरा वेळ बसतात. पाखरं गातात, फुलांचा वास येतो, आणि तासाभरानं माणसं शोधत येतात तेव्हा साहेब कोट काढून गवतात पालथे पडलेत, तोंडात जांभळी फुलं, आणि भाषण सोडून कविता लिहितायत! आमच्याकडं बाभळीखाली असं पालथं पडायची सोय नाही, काटे असतात. पण महसूल खात्यात कवी कमी आहेत असं मात्र नाही. 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणतात तेव्हा ते एखाद्या राईत असतील, अशी आशा मी धरून असतो.

कवितेचा विषय निघाला म्हणून सांगतो. शिऊर याच तालुक्यात. संत बहिणाबाईंची समाधी तिथं आहे. तुकोबांच्या शिष्या, 1628 ते 1700 हा त्यांचा काळ. त्यांनी अभंगांतून स्वतःचं चरित्र तर लिहिलंच, पण आधीच्या 12 जन्मांची हकिकतही क्रमवार नोंदवली. इथं एका जन्माचा दाखला काढायचा तर दवाखान्याचा कागद, शाळेचा निर्गम उतारा आणि शपथपत्र. बाईंनी 13 जन्मांची नोंद एका बैठकीत लावून टाकली, साक्षीदार एकटा पांडुरंग.

पाण्याचं काय, असं कुणी विचारेल. गोदावरी तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून वाहते, पण ती जायकवाडीला निघालेली असते. नांदूर मधमेश्वरचा जलद कालवा आहे, त्याच्या आवर्तनाची वाट बघणं हा इथला बारमाही उद्योग. रेल्वेचंही तसंच. वैजापूरचं स्टेशन वैजापुरात नाही, बाहेर रोटेगावला आहे. निजामाच्या अमलात मनमाडहून हैदराबादकडं ही लाइन टाकली गेली, तेव्हा ती गावाला वळसा घालून गेली. अजूनही पाहुण्याला सांगावं लागतं, "तिकीट रोटेगावचं काढा, उतरा रोटेगावला, या वैजापूरला."

समृद्धी महामार्ग मात्र तालुक्यातून जातो, जांबरगावला उतरता येतं. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डीचा टप्पा सुरू झाला, आणि नागपूरची माणसं आता वैजापूर न बघता ताशी 120 नं पुढं जातात. पूर्वी निदान चहाला तरी थांबत.

पण कचेरीच्या गावाला कचेरीच मिळते. वैजापूरला अलीकडं स्वतंत्र आरटीओ झालं. एमएच 20 गेलं, एमएच 57 आलं. तरुण पोरं खूश आहेत, नव्या बुलेटवर 57 मिरवतात. ट्रॅक्टर घेतला तरी पासिंगसाठी संभाजीनगर गाठायला नको, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर वाचले. हे मी एका ओळखीच्या बागायतदाराला कौतुकानं सांगायला गेलो, तर त्यांचा चेहरा पडलेला.

"सोय झाली हो," ते म्हणाले, "पण लेक संभाजीनगरच्या सिडकोत दिलीये. आता तिच्याकडं जायचं म्हटलं तर कारण काय सांगू?"