शून्य रेखांशावरून सॅन फ्रान्सिस्को

उज्जैनच्या माधव नगरात राहणाऱ्या आमच्या काकांच्या लेखी जगातली सगळी अंतरं उज्जैनपासून मोजायची असतात. ग्रिनिच त्यांना कालचं पोर वाटतं. आपले जुने ज्योतिषी मध्यरेखा उज्जैनवरून नेत, हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. मावशीला घेऊन लेकीकडे अमेरिकेला निघण्याआधी त्यांनी मला तिथल्या वेधशाळेत नेलं. सवाई जयसिंहाची यंत्रं, 1923 साली माधवराव शिंद्यांनी केलेली दुरुस्ती, वगैरे. माझ्या लक्षात राहिलं एवढंच, की उज्जैनची स्थानिक वेळ घड्याळातल्या वेळेच्या साधारण 27 मिनिटं मागे असते. काकाही.

दोघांना मुंबईच्या विमानतळावर पोचवायचं काम माझ्याकडे होतं. घरात रिकामा माणूस कोण, याबद्दल आमच्याकडे कधीच मतभेद नसतात.

हिशोब सोपा होता. इंदूर-मुंबई हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, सव्वा तास. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार, सोळाएक तास. नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, आर्क्टिकवरून जाते, हे मी मावशीला संत्रं हातात घेऊन समजावलं.

"मग स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवू?" तिने विचारलं.

राहिलं माधव नगर ते इंदूर विमानतळ. किलोमीटर पंचावन्न, वार सोमवार. मावशीच्या कालनिर्णयात अजून आषाढ होता. पण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे स्वयंपाकघरात आषाढ असताना फाटकाबाहेर श्रावण लागलेला होता. महाकाल दोन्ही पंचांगांची मनं राखतो, त्याची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, दोन्ही श्रावणांतल्या सोमवारी निघते. "श्रावणाआधी कसली गर्दी?" म्हणत मावशीने हीच तारीख पक्की केली होती.

सांवेरच्या अलीकडे सगळं थांबलं. 2028 च्या सिंहस्थासाठी सहापदरी होत असलेला रस्ता, समोरून कावडवाले, मागे बस, मध्ये आम्ही. "भियाजी, आज तो बाबा की सवारी है," म्हणत ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"घाबरू नकोस," काका म्हणाले, "आपल्या वेळेने अजून 27 मिनिटं आहेत."

"काका, विमान उज्जैनच्या सूर्यावर उडत नाही!" मी ओरडलो.

गाडीत सगळे गप्प झाले. मावशी हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. महाकालाला साकडं असणार, असं मला वाटलं. "पहिलं बाळंतपण आहे रे तिचं," ती म्हणाली, "आणि मी इथे सांवेरला." मग तिने प्रवासासाठी घेतलेल्या दशम्या काढल्या आणि पहिली ड्रायव्हरला दिली. मी गाडीतून उतरलो आणि एका ट्रकवाल्याला हात जोडून ट्रक मागे घ्यायला लावला.

काउंटर बंद होता होता पोचलो. पंचावन्न किलोमीटरला साडेतीन तास लागले होते. याच वेगाने सॅन फ्रान्सिस्को गाठायचं तर छत्तीस दिवस लागले असते. उत्तरेचा श्रावण संपून आपलाही उतरणीला लागला असता, आणि बारसं नक्कीच उरकलं असतं.