टु आणि ग्रँटच्या मध्ये

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत इंग्रजी व्याकरणाचा सगळ्यात जुना गुन्हा रोज सर्रास कुठे घडत असेल, तर तो रजेच्या अर्जात. 'आय रिक्वेस्ट यू टु काइंडली ग्रँट मी लीव्ह.' हे वाक्य साताऱ्याच्या कचेऱ्यांत टाइप होतं, कराडला कॉलेजच्या पायरीवर मांडीवर वही ठेवून लिहिलं जातं आणि सांगलीत कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट तर ते चहा पिता पिता एका हातानं उमटवतो. रजेचं कारण खोटं असू शकतं. जी आजी अर्जात वारली ती घरी ओट्यावर बसून शेंगा फोडत असते. पण 'टु' आणि 'ग्रँट' यांच्यामध्ये बसवलेल्या 'काइंडली'त तसूभरही खोट नसते.

व्याकरणवाल्यांचा आक्षेप नेमका या बसण्यालाच आहे. इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप 'टु'चं बोट धरून येतं: टु गो, टु ईट, टु ग्रँट. या दोघांच्या मध्ये क्रियाविशेषण घातलं की त्याला म्हणायचं स्प्लिट इन्फिनिटिव्ह. इंग्रज लोक शेकडो वर्षं हे बिनघोर करत होते. १८६४ साली कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 'द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात त्यावर नापसंती दाखवली आणि तिथून पुढे साध्या सवयीचं पाप झालं. १८७१ साली अमेरिकेशी वॉशिंग्टनच्या तहाची बोलणी चालू होती. इंग्लंडात बांधलेल्या 'अलाबामा' जहाजानं अमेरिकेच्या यादवी युद्धात केलेल्या नुकसानीवरून जुंपली होती, कोट्यवधींचा मामला होता. इंग्लंडच्या सरकारनं बऱ्याच बाबतीत नमतं घेतलं. पण तहाच्या मसुद्यात 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण येता कामा नये, ही तार मात्र त्यांनी लंडनहून न चुकता ठोकली, असा किस्सा त्या वाटाघाटीतल्या सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्या चरित्रात आहे. पैसे गेले तरी चालतील, इन्फिनिटिव्ह फुटता कामा नये! असं साम्राज्य आपल्यावर दीडशे वर्षं कसं टिकलं, याचं मला अधूनमधून कौतुक वाटतं.

वाक्य फोडून बघण्याची विद्या आमच्या भागाला तशी नवी नाही. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर समाजसुधारक म्हणून सगळ्यांना ठाऊक असतात. पण १८८८ साली, 'सुधारक' काढला त्याच वर्षी, त्यांनी 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्याचं पृथक्करणही करून दाखवलं, हे फारसं कुणी सांगत नाही. सोवळ्याओवळ्यावर तुटून पडायचं आणि उरलेल्या वेळात कर्ता-कर्म सोडवत बसायचं, हा माणूस मला त्यामुळेच जास्त जवळचा वाटतो. त्यांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १९१९ साली सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढलं. त्याच वर्षी कराडजवळ काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. एका अंगानं शेले-पागोट्यांचं इंग्रजी आलं, विनायक कृष्ण गोकाकांसारखा कन्नड कवी जिथं प्राचार्य होता त्या कॉलेजातलं. दुसऱ्या अंगानं बांधावर राबून, वसतिगृहात भाकरी थापून शिकलेल्या पोरांचं इंग्रजी आलं. दोघांच्या कपाटात पुढे तेच जाडजूड रेन अँड मार्टिन येऊन बसलं. (त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि फ्रेंच फॉरिन लीजनवर साहसकथा लिहायचा. वाळवंटात मरणारे शिपाई आणि पार्ट्स ऑफ स्पीच एकाच डोक्यातून निघाले, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर ते पुस्तक आम्ही जरा प्रेमानं उघडलं असतं.)

आपल्या मराठीला ही भानगड नाही. 'जायला' हा अखंड शब्द आहे, त्यात सुरी घालायला फट नाही. फार तर मागे 'च' चिकटवून 'जायलाच पायजे' म्हणता येतं. क्रियाविशेषण बापडं अलीकडे उभं राहतं: बिगीबिगी जायला, गुमान बसायला. हुकूम सोडायचा असेल तर पलीकडे जातं: 'बस गप', 'ये लौकर'. आत मात्र त्याला प्रवेश नाही. सांगली-कोल्हापूरकडं तर या 'जायला'चं आणखी पुढं गेलंय. पुण्याचा माणूस 'जेवतोय' म्हणतो तिथं आमचा माणूस 'जेवायलोय' म्हणतो, आणि पाहुण्याला वाटतं हा कुठंतरी जेवायला निघालाय. तो निघालेला नसतो, दुसऱ्या भाकरीवर असतो.

पण फट नसण्याचा तोटाही आहे. 'आत्यानं मला हळूच बाहेर यायला सांगितलं.' आता सांगणं हळूच, की येणं हळूच? आत्या कानात कुजबुजली, की मोठ्यानं ओरडून म्हणाली, 'पाय न वाजवता ये'? 'काल सकाळी तुला लौकर निघायला सांगितलंतं' या एका वाक्यावरून घराघरात भांडणं झालेली आहेत. सांगितलं सकाळी, की निघायचं होतं सकाळी? मराठी माणूस इथं आवाजाच्या चढउतारावर आणि डोळे वटारण्यावर भागवतो. कागदावर डोळे वटारता येत नाहीत. इंग्रजीत 'टु क्वाएटली कम आउट' म्हटलं की येणंच हळूच, विषय संपला. आल्फर्डसाहेबांना जे घुसखोर वाटलं ते बिचारं आपली जागा धरून चोख काम करत होतं.

'काइंडली'चंच बघा. एखादे कडक साहेब लाल शाईनं गोल करून त्याला तिथून उठवतात. बरं, उठवून बसवायचं कुठं? पुढं नेलं तर 'आय काइंडली रिक्वेस्ट यू' होतं, म्हणजे कृपा अर्जदार करतोय. साहेब, मी आपल्यावर दया म्हणून विनंती करीत आहे! शिपायाच्या अर्जात हे वाक्य गेलं तर रजा मिळेल, पण कायमची. मागं नेलं तर 'टु ग्रँट मी लीव्ह काइंडली', म्हणजे रजा द्या, पण देताना जरा गोड बोला. ही अपेक्षा रजेपेक्षाही मोठी. 'रिक्वेस्ट यू काइंडली टु ग्रँट' असा सुधारलेला अवतार पंडितांना चालतो, पण त्यात 'काइंडली' अलीकडच्या विनंतीला टेकलंय की पलीकडच्या मंजुरीला, ते आत्याच्या 'हळूच'सारखंच अधांतरी राहतं. राहता राहिली मधली जागा. एसटीत दोघांच्या सीटवर 'जरा सरकून घ्या' म्हणत तिसरा बसतो, तसं ते तिथं अंग चोरून बसतं आणि नेमकं मंजुरीच्या कानाशी लागतं. कृपा साहेबांची, गरज आमची, काम क्रियापदाचं. इतकी अचूक जागा त्या अर्जदारानं व्याकरण शिकून शोधली नसेल, गरजेपोटी शोधली असेल. लाल शाईवाल्यांपेक्षा माझा विश्वास त्याच्या कानावर जास्त आहे.

हेन्री फाउलरनं १९२६ साली आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या प्रश्नावरून इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच भाग पाडले. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही आणि फिकीरही नाही, ते पहिले. माहीत नाही पण काळजी फार, ते दुसरे. माहीत असून धिक्कार करणारे तिसरे, माहीत असून पसंती देणारे चौथे, आणि प्रसंग पाहून ठरवणारे पाचवे. पहिले सुखी, असं त्याचं मत, आणि आमच्याकडे त्यांचीच बहुसंख्या. दुसऱ्या गटातले पुढे हेडक्लार्क होतात. तिसऱ्यांनी आम्हाला शिकवलं. पाचव्यातला मात्र मला दोन्ही जिल्ह्यांत अजून भेटायचाय, कारण प्रसंग पाहून ठरवायला जी सवड लागते ती ऊसतोडीतून आणि लग्नसराईतून उरत नाही.

आताची पिढी अर्ज लिहीत नाही, कॉल घेते. विट्याकडचा एक इंजिनिअर पोरगा शनिवारी घरी आला होता. अंगणात फेऱ्या मारत, कानात बोंडं घालून ऑफिसशी बोलत होता. 'वी नीड टु... टु अॅक्च्युअली... टु, लाइक, बेसिकली... टु...' क्रियापद काही येईना. 'टु'च्या पुढची जागा इतकी ऐसपैस झाली होती की तिथं सगळा गाव उतरला असता. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजीनं पहिल्यांदा कानाडोळा केला, मग दोनदा मान वर करून बघितलं आणि शेवटी म्हणाली, 'आरं, कवाधरनं काय टु टु करायलायस? काय करायचं ते एकदा करून टाक की!'