पोळी नंतर येईल

अपुऱ्या गोष्टींचं मला वावडं नाही. त्यामुळे स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानाने 2013 साली ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ सुरू केलं, तेव्हा ते मला फार माणुसकीचं वाटलं. गेम पुरा व्हायच्या आधीच विकत घ्यायचा, दोष कळवायचे, आणि बनवणाऱ्यांनी त्याच पैशांवर पुढचं काम उरकायचं. कधी कधी हे जमतंही. ‘बाल्डर्स गेट 3’ 2020 साली असाच अर्धामुर्धा आला आणि 2023 मध्ये पुरा होऊन भाव खाऊन गेला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम 2’ आला. मोठाल्या डोळ्यांची चिमुकली हिरवी माणसं रॉकेटात बसवायची आणि आकाशात धाडायची. वचनं दणदणीत होती: परग्रहांवर वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, मित्रांबरोबर खेळणं. हातात आलं ते रॉकेट मात्र उडता उडता मधेच वाकायचं. वातावरणात परतताना यान जळण्याचीसुद्धा सोय नव्हती! ती डिसेंबरात मिळाली, आणि लोकांनी हौसेने आपापली यानं जाळून घेतली. 2024 मध्ये नोकरकपात झाली, काम थांबलं. विक्री तेवढी थांबली नाही. किंमत 50 डॉलर. आणि पुरा झालेला थोरला भाऊ, म्हणजे पहिला भाग, 40 डॉलरला!

महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या मेसमध्ये आमटी-भात वाढून ‘पोळी नंतर येईल’ म्हणावं आणि पोळीवाल्या मावशी कायमच्या गावी गेलेल्या असाव्यात, तशातली गत. आमटी वाईट नसते हो. पण दारावरच्या फळ्यावर अजून श्रीखंड लिहिलेलं असतं.

मग असे गेम दुकानातून हटवावेत का? पीटर मोलिन्यू यांचा ‘गोडस’ वर्षानुवर्षं अर्धवट राहून 2023 च्या अखेरीस स्टीमवरून उतरवला गेला. न्याय झाला म्हणावं, तर माझं मन काही तयार होत नाही. वाकड्या रॉकेटावर जीव जडणारा एखादा अवलिया कुठेतरी असतोच. त्याच्या तोंडचा घास का काढायचा? आणि गेम उतरवला म्हणून आधी फसलेल्यांचे पैसे थोडेच परत येतात? स्टीमचा परताव्याचा नियम साधारण चौदा दिवसांचा आणि दोन तासांहून कमी खेळलेल्यांसाठी. आशा त्याहून चिवट असते.

2025 च्या फेब्रुवारीपासून वर्षभराहून अधिक काळ अपडेट न झालेल्या अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या गेमवर स्टीम तशी सूचना लावतं. चांगलं आहे, पण अर्धंच. विकणाऱ्याने वर्णनातली ‘होणार’, ‘येणार’, ‘मिळणार’ ही सगळी क्रियापदं आधी पुसून टाकावीत, आणि उरेल त्याची किंमत लावावी. कर्बलचा दुसरा भाग पाच डॉलरला मिळाला तर मी आज घेईन. घासाघीस न करता.